थकवा आणि आळस
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारिणीने मला येथे दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नव्हे. सारे आयुष्य खडू-फळ्याच्या सेवेत गेलेला एक शिक्षक आहे. तथापि ज्या अज्ञानामुळे घरातल्याच माणसावर अन्याय होतो, ते दूर करणे हे शिक्षकाचेही कर्तव्य होय. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याचा, ज्यास डॉक्टर 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' म्हणतात त्या व्याधीचा, विषय मी आज निवडला आहे.

दिवसभर राबल्याने येणारा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. हा थकवा उतरत नाही. तो सहा-सहा महिने, कित्येकांना वर्षानुवर्षे ग्रासतो. झोप होऊनही मनुष्य ताजातवाना उठत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही, आणि थोडे श्रम झाले की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी प्रकृती अधिकच ढासळते. हे शेवटचे लक्षण या व्याधीची मुख्य खूण समजली जाते.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली डॉक्टर, परिचारिका व इतर नोकरवर्ग मिळून २९२ जणांस अशाच एका आजाराने गाठले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे १९७० साली दोन मानसरोगतज्ज्ञांनी, रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, जुन्या कागदपत्रांवरून हा सामुदायिक हिस्टेरिया असावा असे मत मांडले. आजाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, हाही त्यांच्या अनुमानाचा एक आधार होता! या मताचा पगडा दीर्घकाळ टिकला आणि खरोखर आजारी असलेल्यांना 'हे तुमच्या मनाचे खेळ' असे ऐकावे लागले.

मग या व्याधीचे कारण तरी काय? येथे 'निमित्त' आणि 'कारण' यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. निमित्त बहुधा एखाद्या संसर्गाचे असते. ऑस्ट्रेलियातील डबो या गावच्या परिसरात तीन निरनिराळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. त्या तिहींपैकी एक आपल्याकडील चिकुनगुन्याच्या कुळातला होता. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : सहा महिन्यांनंतरही शेकडा सुमारे १२ जणांचा थकवा हटला नव्हता, आणि तो कोणाला जडेल हे रुग्णाच्या स्वभावावरून नव्हे, तर मूळ ताप किती कडक होता यावरून ठरत होते. कोविडच्या साथीनंतरही अनेकांचा असाच अनुभव आहे.

ताप गेला तरी शरीर सावरत का नाही, या मूळ कारणाचा शोध मात्र अद्याप चालू आहे. घाई केल्यास काकतालीय न्यायाने फसगत होते. २००९ साली एका विषाणूवर सारा दोष ठेवण्यात आला. पुढे तो प्रयोगशाळेतील भेसळीचा परिणाम ठरला आणि २०११ साली तो निबंध मागे घेण्यात आला. याउलट २०२५ साली एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या आनुवंशिक घटकांची तपासणी करून आठ ठिकाणी फरक दाखविले. त्यांतील काहींचा संबंध रोगप्रतिकारशक्तीशी व मज्जासंस्थेशी दिसतो. अर्थात ज्याचे कारण पुरते उमगले नाही, तो रोगच नव्हे, असे म्हणणे तर्कदुष्ट होय. क्षयाचा जंतू १८८२ साली सापडला. तत्पूर्वी क्षयाने माणसे मरत नव्हती काय?

बंधुभगिनींनो, आपल्या घरांत काय घडते? सून दुपारी आडवी झाली की ती कामचुकार ठरते. तापातून उठलेला मुलगा अभ्यासास बसेना की त्याला सोंगाड्या म्हणतात. आणि 'अंग हलव, म्हणजे बरे वाटेल' असा उपदेश सर्वांच्या जिभेवर असतो. तो उपदेश या व्याधीत घातक ठरू शकतो. इंग्लंडमधील वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली, ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार अशा रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. शक्ती संपण्यापूर्वीच थांबणे, हाच तूर्त व्यवहार्य मार्ग आहे.

तेव्हा माझी विनंती दोनच गोष्टींची. थकवा हटत नसेल तर प्रथम डॉक्टरांकडून रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांची तपासणी करून घ्यावी, कारण यांवर उपाय आहेत. आणि त्या तपासण्यांत काहीच निघाले नाही, तर 'काहीच झालेले नाही' असा निवाडा आपण देऊ नये. औषध सापडेल तेव्हा सापडेल. विश्वास मात्र आजच देता येतो, आणि त्यास पैसाही पडत नाही.