स्पेनच्या रणांगणावरील नागपूरकर



आपल्या मूर्तिजापुरावरून पूर्वेस जाणारा लोहमार्ग ज्या नागपुरास पोहोचतो, तेथील एक तरुण, कोणाचा हुकूम नसताना, कोणाची चाकरी नसताना, परक्या देशाच्या यादवीत स्वेच्छेने शिपाई झाला.

त्यांचे नाव… गोपाळ मुकुंद हुद्दार.

1936 साली स्पेनमध्ये लोकनियुक्त सरकाराविरुद्ध सेनापतींनी बंड पुकारले.
त्या सरकाराच्या रक्षणार्थ देशोदेशींचे स्वयंसेवक धावले.

बालाघाट येथील एका खटल्यात कारावास भोगून, पुढे वृत्तपत्रविद्येसाठी विलायतेस गेलेले हुद्दार, ‘जॉन स्मिथ’ हे नाव धारण करून, 1937 साली ब्रिटिश स्वयंसेवकांच्या पायदळ पलटणीत दाखल झाले.

या पलटणीस अधिकृत नाव होते… सकलातवाला पलटण.
शापुरजी सकलातवाला मूळचे मुंबईचे, विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेलेले. आपल्या भूमीतील माणसाचे नाव स्पेनमध्ये उच्चारले जावे, हे मला फार हृद्य वाटते.

1938 च्या वसंतात सरकारपक्षाची आघाडी कोसळली.
गांदेसा परिसरात हुद्दार कैद झाले.

बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात, इतर स्वयंसेवकांसमवेत, स्वेच्छेने गेलेला हा नागपूरकरही बंदिवान होता.

त्याच वर्षी सुटका झाली… आणि हुद्दार मायदेशी परतले.