सोऱ्यावाचून कडबोळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील दिवाळीपूर्व मेळाव्यात, पहाडगंज येथील बृहन्महाराष्ट्र भवनात केलेले भाषण)



सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाने सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कडबोळ्यांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. कार्यकारिणीने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, आणि दिवाळी तोंडावर आलेली असताना आम्हांस दुसरा विषय सुचला नाही. त्याचे कारण सांगतो.

बदलीवर दिल्लीस आलो तेव्हा याच पहाडगंजात दोन खोल्यांत आम्ही संसार मांडला. दर वर्षी दिवाळीपूर्वी, पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने येणाऱ्या कोणा परिचिताबरोबर आमच्या मातोश्री चकलीच्या भाजणीचा डबा पाठवीत. नवी दिल्ली स्थानकावर जाऊन आम्ही तो उतरवून घेत असू. भाजणीत काय असते आणि किती असते, हे विचारण्याची गरज आम्हांस कधी भासली नाही. सन १९९८ च्या उन्हाळ्यात मातोश्री वारल्या. त्या वर्षी डबा आला नाही, आणि प्रमाण तर घरात कोठेच लिहिलेले नव्हते. वडील भगिनीस पत्र घातले. तिचे उत्तर आले, ‘आई डोळ्यांच्या अंदाजाने घेत असे.’

त्या दिवाळीत आम्ही उभयतांनी आठवेल तसे धान्य भाजून दळून आणले. सोऱ्या पुण्यासच राहिला होता. तो शेजारून मागून आणला. पहिल्या घाण्यातील चकल्या तेलात विरघळून गेल्या. दुसऱ्या खेपेस त्या इतक्या कडक झाल्या की पाहुण्यांसमोर ठेवण्याचे धैर्य झाले नाही. पुढे कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ जवळ ठेवून, जिभेवरची आठवण ताडून पाहात, दोन-तीन दिवाळ्यांत जे प्रमाण जमले ते असे: तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, धने पाव वाटी आणि जिरे २ चमचे. तांदूळ धुऊन सावलीत कापडावर वाळवावेत. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर निरनिराळा भाजावा. एकत्र भाजल्यास जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते. दळताना चक्कीवाल्यास एक गोष्ट आवर्जून सांगावी, की भाजणी गव्हावर दळू नये, तांदळावर दळावी. गव्हाचे पीठ मिसळले की खुसखुशीतपणा जातो. दिल्लीत चक्कीवर दिवसभर गहूच दळला जातो, म्हणून ही सूचना येथे अधिकच महत्त्वाची.

आता आमच्या चकल्या का बिघडल्या, ते पाहू. दोन्ही वेळचा दोष मोहनाचा होता. मोहन अधिक झाले की पिठाचा बंध सुटतो आणि चकली तेलात विरघळते. कमी झाले की ती कडक होते. २ वाट्या भाजणीस २ मोठे चमचे तेल आम्हांस पुरेसे आढळले. भाजणीइतकेच पाणी घेऊन त्यात हे तेल, मीठ, तिखट, हळद, हिंग, तीळ आणि ओवा घालून उकळी आणावी. आच बंद करून भाजणी घालावी, ढवळून पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावी आणि मग हाताला पाणी लावून भरपूर मळावी.

शेजारचा सोऱ्या दर वर्षी मागणे आम्हांस संकोचाचे वाटू लागले, आणि त्या संकोचातून आम्ही कडबोळ्यांकडे वळलो. त्यांस यंत्र लागत नाही. पोळपाट, कढई, झारा आणि दोन तळहात एवढ्यावर काम भागते. भाजणी तीच, पाणी मात्र किंचित कमी घ्यावे. लिंबाएवढा गोळा घेऊन करंगळीएवढी जाड वळी वळावी आणि टोके जुळवून कडे करावे. तेल चांगले तापवून कडबोळी सोडावीत व नंतर आच मध्यम करावी. तेलावरचे बुडबुडे शमले म्हणजे आतपर्यंत तळली गेली असे समजावे. घाईने मोठ्या आचेवर तळली तर वरून लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. पूर्ण निवाल्यावरच डबा भरावा.

आमची कन्या तेव्हा पाच वर्षांची होती. तिला टोके जुळविता येत नसत. म्हणून ती वळ्या तशाच सरळ ठेवी आणि त्यांस ‘काठ्या’ म्हणे. त्या काठ्याही आम्ही तळल्या, आणि शेजारच्या पंजाबी घरातील मुलांनी मठरीच्या बदल्यात त्याच आधी संपविल्या. कर्नाटकात चकलीच्या भगिनीस चक्कुली म्हणतात, तमिळ मुलखात मुरुक्कु. मुरुक्कु या शब्दाचा अर्थच पीळ असा आहे. अनेक प्रांतांचे लोक ज्या नगरीत एकत्र नांदतात, तेथे एकमेकांचे फराळ ओळखू येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आज पुण्या-मुंबईचा तयार फराळ दिल्लीतही मिळतो. तो घेण्यात गैर काहीच नाही. नोकरी करणाऱ्या भगिनींस सवड कोठून मिळावी? आमची खंत वेगळी आहे. मातोश्री हयात असताना एक पोस्टकार्ड लिहून प्रमाण विचारले असते, तर त्यांनी ते आनंदाने कळविले असते. आम्ही विचारले नाही. वर सांगितलेले प्रमाण चांगले आहे, परंतु ते त्यांचे नव्हे. डबा उघडताच जो वास येत असे, तो आम्हांस पुन्हा मिळालेला नाही.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे वाटी घेऊन बसावे, त्या अंदाजाने जे घेतील ते मोजावे आणि लिहून ठेवावे. दिवाळीपूर्वी एका रविवारी मुलांस येथे जमवून पोळपाटावर वळ्या वळू द्याव्यात. टोके जुळली नाहीत तरी चालेल. आमची कन्या आता नोकरीनिमित्त बंगळूरला असते. गेल्या दिवाळीत तिने दूरध्वनीवरून भाजणीचे प्रमाण विचारले, आणि आम्हांस ते कागदावरून वाचून दाखविता आले.