भाड्याची खोली आणि नोंदणीचा कागद

तुर्भे हे एके काळी भातशेतीचे व खाडीकाठचे गाव होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी पंचक्रोशीतील जमिनी संपादित झाल्या आणि शेतीवरील संसार रोकड उत्पन्नाकडे वळले. १९८० च्या दशकापासून घाऊक बाजारपेठा मुंबईतून टप्प्याटप्प्याने येथे आल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने होतेच. माथाडी, हमाल, कारखान्यातील कामगार यांना निवारा हवा होता. गावकऱ्यांपाशी घर होते. येथील घरमालकीचा व्यवसाय असा गरजेतून जन्मला. त्यामुळे त्याला तोंडी विश्वासाची सवय जडली, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज अद्यापि दृढ आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. याहून मोठा तोटा निराळाच: वाद उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुलीच्या लग्नासाठी खोली रिकामी हवी असलेल्या कुटुंबास हे फार उशिरा कळते.

याउलट राहत्या घराचा अनुज्ञप्ती करार, म्हणजे लोकांच्या बोलीतील 'लीव्ह अँड लायसन्स', नोंदलेला असेल तर कलम २४ अन्वये मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ताबा न सोडणाऱ्यावर दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवावयाचे. दलालाच्या चहापाण्यापेक्षा हा खर्च फारसा मोठा नाही!

नव्याने घर घेऊन भाड्याने देऊ इच्छिणाऱ्याने आधी हिशेब मांडावा. समजा, घर चाळीस लाखांचे व भाडे पंधरा हजार. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे साडेचार टक्के. एक महिना घर रिकामे राहिले आणि कर, देखभाल, रंगकाम यांस तीस हजार गेले, तर हाती एक लाख पस्तीस हजार उरतात. साडेतीन टक्केही नाहीत. कर्जाचे व्याज आठ टक्के धरले, तर हप्ता भाड्यातून फिटेल ही आशा सोडावी.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी विशेष. सिडकोची जमीन बव्हंशी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. साडेबारा टक्के योजनेतील भूखंडही त्यातच येतात. म्हणून हस्तांतरणाची परवानगी पाहिल्यावाचून इसारा देऊ नये. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. गावठाणातील परवानगीशिवाय चढविलेल्या मजल्यांबाबत तर अधिकच सावध राहावे. तेथे स्वस्ताईचे कारण बहुधा कागदातच असते. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास मागता येत नाही.

भाडेकरूही संसारी माणूस असतो. अनामतीची पावती द्यावी, ताबा देताना वीजमीटरचे आकडे, नळ व पंखे यांची यादी दोघांच्या सहीने करावी आणि घर सोडण्याच्या दिवशी त्याच यादीवर हिशेब करून उरलेली अनामत त्याच्या हाती ठेवावी.