संगणक : बाप्पाच्या नावातला शब्द

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी भाषेचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस. पण हा विषय मीच मागून घेतला. चंदीगडमध्ये वाढणारी आपली मुलं ‘संगणक’ हा शब्द सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या पाटीवर वाचतात आणि हसतात. ‘बाबा, कॉम्प्युटरला असं कोण म्हणतं?’ प्रश्न रास्त आहे. घरात आम्हीही कॉम्प्युटरच म्हणतो, आणि त्यात काही वावगं नाही. पण ‘संगणक’ म्हणजे ओढूनताणून केलेला सरकारी शब्द, हे मात्र मला मान्य नाही.

आधी ‘कॉम्प्युटर’चंच बघू. सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ यंत्र नव्हे, माणूस असा होता. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर. आपल्याकडेही ही नोकरी होती. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच लागले आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाले. ज्या शिखराला नंतर एव्हरेस्ट नाव मिळालं, त्याच्या उंचीच्या गणिताशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १८५६ साली जाहीर झालेला २९,००२ फूट हा आकडा कागद, पेन्सिल आणि माणसाचं डोकं यांनी काढलेला.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘पुतारे’ म्हणजे मुळात फांद्या छाटणं, मग हिशेब साफ करणं, मग विचार करणं. याच धातूपासून फ्रेंच भाषेतून इंग्रजीचा ‘काउंट’ आला. म्हणजे आमच्या रुळाला लावलेला एक्सल काउंटर हा कॉम्प्युटरचा सख्खा भाऊ! सेक्शनमध्ये किती चाकजोड्या आत गेल्या आणि किती बाहेर पडल्या हे तो मोजतो. दोन्ही आकडे जुळले तरच पुढचा सिग्नल देता येतो. बिचारा उन्हापावसात रुळाशेजारी उभा असतो, म्हणून त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही, एवढंच.

इतर देशांनी काय केलं? चिनी भाषेत ‘विजेचा मेंदू’ म्हणतात. फिनलंडमध्ये ‘माहितीचं यंत्र’. आइसलँडच्या लोकांनी त्यांच्या भाषेतले ‘आकडा’ आणि ‘भविष्य सांगणारी स्त्री’ हे दोन शब्द जोडून ‘तोल्वा’ केला. फ्रान्सची गोष्ट तर गणपतीसमोर सांगावी अशीच आहे. १९५५ साली आयबीएमला नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवं होतं. लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ सुचवलं. हा शब्द जुन्या कोशात जगाला व्यवस्था लावून देणाऱ्या देवाचं विशेषण म्हणून होता. आज सगळा फ्रान्स तो वापरतो, कुणी हसत नाही.

आता आपल्या घरी या. ‘गण्’ म्हणजे मोजणं आणि ‘गण’ म्हणजे समूह. त्या गणांचा पती तो गणपती. पंजाबीतलं ‘गिणना’ आणि हिंदीतलं ‘गिनना’ याच कुळातले, म्हणजे सेक्टरच्या मंडीत भाजीवाला रोज हा धातू चालवतो. आपण मराठीत ‘मोजणं’ जवळ केलं, तरी ‘खिजगणतीत’ धरत नाही म्हणतोच. आणि ‘गणक’? अमरकोशात ज्योतिषाला जे शब्द दिलेत त्यात हाही आहे. ग्रहांचं गणित करून पंचांग बांधणारा तो गणक. म्हणजे इंग्रजीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरसारखाच, माणूस.

असा एक गणक आपल्या कोकणातला. मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. (नावही पाहा!) शके १४४२, म्हणजे १५२० साली त्यांनी ‘ग्रहलाघव’ लिहिलं. पंचांग करायचं तर ठरावीक आरंभापासून किती दिवस लोटले ते आधी काढावं लागतं. त्या संख्येला म्हणतात ‘अहर्गण’, दिवसांचा गण. कलियुगाच्या आरंभापासून धरलं तर त्या काळीच हा आकडा सोळा लाखांच्या वर होता. एवढ्या आकड्याचे गुणाकार-भागाकार हाताने करायचे! गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरलं. चक्र पुरं झालं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे आणि झालेल्या चक्रांसाठी ठरलेला आकडा हिशेबात घ्यायचा. आमच्या भाषेत, काउंटर रीसेट केला. शिवाय ज्या-चाप, म्हणजे आजचे साइन वगैरे, अजिबात न वापरता ग्रहांची स्थानं काढून दाखवली. साध्या गणकाला झेपेल असं गणित झालं आणि महाराष्ट्रातली पंचांगं पिढ्यान् पिढ्या त्यावर चालली. गणेश चतुर्थी कोणत्या दिवशी, हे आपल्या पणजोबांना सांगणाऱ्या पंचांगामागे बहुधा हेच गणित होतं. मला विचाराल तर हा माणूस आजच्या अर्थानेही प्रोग्रामर होता.

यंत्र आलं तेव्हा मराठीने या गणकालाच ‘सम्’ जोडलं. ‘सम्’ म्हणजे एकत्र, म्हणजे लॅटिनच्या ‘कॉम’चंच काम. बांधणी अगदी तशीच उतरली. हिंदीच्या पारिभाषिक कोशात ‘अभिकलित्र’ असाही शब्द आहे. आमच्या कार्यालयातल्या हिंदी सहकाऱ्यांनी तो एका दमात म्हणून दाखवावा, माझ्यातर्फे मोदक!

आणि मुलांनो, ‘असं कोण म्हणतं’ याचं उत्तर तुमच्या शेजारी मोहालीत आहे. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकचं एक केंद्र तिथे आहे. या संस्थेचं हिंदी नाव ‘प्रगत संगणन विकास केंद्र’. यातला ‘प्रगत’ तर थेट आपल्या बोलण्यातला. पुढच्या रविवारी त्या बाजूला गेलात तर आई-बाबांना पाटी दाखवायला सांगा.

आरतीची तबकं तयार झालेली दिसताहेत. गणपती बाप्पा मोरया!