डॅशबोर्डवरचे दिवे आणि आपण

(वाहनचालक प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रिया आणि वस्तीगटांतील कार्यकर्त्या यांच्या एकत्रित शिबिरात केलेले भाषण)



आजच्या शिबिराच्या पत्रिकेत कायदा आहे, कर्जयोजना आहे, आरोग्य आहे आणि त्यांच्या मध्येच ‘गाडीचा डॅशबोर्ड’ असा एक विषय आहे. तो वाचून दोघी-तिघींनी मला सकाळीच विचारलं, “अगं, हे गॅरेजवाल्याचं काम. संघटनेच्या शिबिरात कशाला?” प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एक बाई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. एके दुपारी मुलांना सोडून परतताना त्यांच्या समोर तेलाच्या झारीसारखं चित्र लाल रंगात पेटलं. त्यांनी घरी फोन केला. दीर म्हणाले, “या घरी हळूहळू, मग बघू.” त्या आल्या तशा, पण घरापर्यंत पोचल्या नाहीत. इंजिन जाम झालं. दुरुस्तीत कर्जाचे कितीतरी हप्ते गेले आणि घरात निष्कर्ष निघाला, “बाईच्या हातात गाडी दिली की हेच होणार.” ‘या घरी’ असं सांगणाऱ्याला कोणी काही म्हणालं नाही. ती झारी म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब गेल्याची खूण. ती लाल झाली की सुरक्षित जागा बघून गाडी लगेच थांबवायची आणि इंजिन बंद करायचं, एवढं एक वाक्य कोणी या बाईंना आधी सांगितलं असतं तर? म्हणून हा विषय आपला आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, ब्रेक, गिअर शिकवतात. समोरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगायला तिथे वेळ नसतो. पुरुषांना तरी हे कुठे शिकवतात? पण मुलगा लहानपणापासून गॅरेजच्या कट्ट्यावर उभा राहतो, बापाशेजारी बसतो, ऐकत ऐकत शिकतो. आपल्याला त्या कट्ट्यावर कोणी उभं राहू दिलं नाही. आणि यंत्र आपल्याला कळत नाही म्हणावं, तर कुकरच्या शिटीवरून आत डाळ शिजली की पाणी आटलं हे ओळखणाऱ्या आपणच. खूण वाचणं आपल्याला नवं नाही.

‘डॅशबोर्ड’ हा शब्द घोडागाडीच्या काळातला. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, तिचं हे नाव. फळी गेली, नाव राहिलं.

आता प्रत्यक्ष शिकू. जमलं तर दुपारी बाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसून एकेकीने हे करून पाहायचं आहे.

पहिली गोष्ट रंगांची. लाल म्हणजे धोका, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे बिघाड आहे, लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच सूचना. उदाहरणार्थ, निळा हेडलाइट दिसला तर तुमचा वरचा झोत चालू आहे आणि समोरच्याचे डोळे दिपताहेत. ही चित्रं कंपनीगणिक फारशी बदलत नाहीत, कारण त्यांच्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. एका गाडीवर शिकलात की दुसऱ्या गाडीवर अडत नाही.

दुसरी गोष्ट, किल्ली ‘ऑन’ केली की इंजिन सुरू होण्याआधी बरेचसे दिवे एकदम लागतात. घाबरू नका. ती गाडीची हजेरी आहे. काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू झाल्यावर ते विझतात. जो विझत नाही, त्याची तक्रार आहे. आणि जो लागतच नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. जुनी गाडी घेताना हे फार उपयोगी पडतं. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो. दलाल गोड बोलत असेल तेव्हा त्याच्याकडे न बघता या दिव्यांकडे बघा.

आता लाल दिव्यांपैकी महत्त्वाचे. तेलाची झारी सांगितलीच. बॅटरीचं चित्र इंजिन चालू असताना पेटलं तर बॅटरी चार्ज होत नाही. एसी, रेडिओ बंद करून जवळचं गॅरेज गाठा, कारण गाडी कधीही बंद पडू शकते. पाण्यातल्या थर्मामीटरचं चित्र लाल झालं किंवा काटा ‘एच’कडे गेला तर इंजिन तापलं आहे. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. गोलात उद्गारचिन्ह म्हणजे हँडब्रेक ओढलेला आहे. तो सोडूनही दिवा राहिला तर ब्रेकमध्ये दोष समजा आणि गाडी पुढे नेऊ नका.

पिवळ्यांत सगळ्यांना छळणारा म्हणजे इंजिनाच्या आकाराचा दिवा. तो स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन नीट पेट घेत नाही. वेग कमी करा, जोर देऊ नका, लवकरात लवकर थांबा. गॅरेजमध्ये मेकॅनिक स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडतो आणि गाडी त्याला एक कोड देते: एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार अंक-अक्षरं. आपण विचारायचं, “कोड कोणता आला? लिहून द्या.” या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो आणि बिलाचा आकडाही बऱ्याचदा बदलतो. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह दिसलं तर चाकात हवा कमी आहे.

लहान पण उपयोगी गोष्टी. पेट्रोलच्या चित्राशेजारी बारीक बाण असतो. टाकीचं झाकण त्या बाजूला. लाल त्रिकोणाचं बटण म्हणजे चारही इंडिकेटर एकदम. ते गाडी बंद पडली, अडथळा झाला तर वापरायचं. पावसात किंवा बोगद्यात ते लावून गाडी हाकणं चूक, कारण मग आपण कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. जुलैत घाटात काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नका. पंख्याच्या आकाराच्या काचेवर नागमोडी बाण असलेलं बटण दाबा, एसी चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. काच बाहेरून धुरकट होत असेल तर वायपर चालवा आणि एसीचा गारवा कमी करा. ८० किलोमीटरच्या वर वेग गेला की जो टिक आवाज येतो आणि १२०च्या वर जो सतत वाजतो, तो बिघाड नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा आहे.

आपल्या उंचीबद्दलही बोलायला हवं. गाड्यांची मापं बराच काळ पुरुषाच्या सरासरी शरीरावर बेतली गेली. सीटबेल्ट लावलेल्या चालकांचा एक अभ्यास अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झाला. तसाच अपघात झाल्यास स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त आढळली. ठेंगण्या बाया पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसतात, आणि एअरबॅग उघडते तेव्हा तिचाच मार बसतो. स्टिअरिंगचा मध्य आणि आपली छाती यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. सीट वर करण्याचा दांडा आणि स्टिअरिंग खाली-वर करण्याचा खटका शोधा. ते आपल्यासाठीच आहेत, पण नवऱ्याने एकदा लावलेली सीट हलवायला आपण बिचकतो.

आता मोठ्या पडद्याकडे येते. हल्ली पंखा, एसी, नकाशा सगळं टचस्क्रीनमध्ये गेलं आहे. नजर रस्त्यावरून हटते, म्हणून युरो एनकॅप या तपासणी संस्थेने २०२६ पासून नियम कडक केले: इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि तातडीची मदत या पाच कामांना खरी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण जातात. आपण मात्र चालू गाडीत पडद्याशी खेळायचं नाही, सगळं निघण्याआधी लावून ठेवायचं.

पण या पडद्याची दुसरी बाजू कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. अनेक नव्या गाड्यांत सिमकार्ड असतं आणि मोबाइलवरच्या ॲपमधून गाडी आत्ता कुठे आहे, किती वेगात आहे, ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर गेली का, हे दिसतं. काही गाड्या दुरून लॉकही करता येतात. चोरी झाली तर उत्तम सोय. पण खातं नवऱ्याच्या नावावर असेल आणि घरात मारहाण असेल तर? ती माहेरी गेली, वकिलाकडे गेली, आपल्या केंद्रावर आली, सगळं त्याला बसल्या जागी कळतं. ब्लूटूथने जोडलेल्या फोनची कॉलयादी आणि नकाशात शोधलेले पत्तेही गाडीत उरतात. आणि फास्टॅग विसरू नका. टोलनाका ओलांडला की नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश जातो. तो मोबाइल कोणाचा आहे?

म्हणून बाई सल्ल्याला आली आणि गाडी घेऊन आली, तर हेही विचारा: गाडीचं ॲप आहे का, कोणाच्या फोनवर, फास्टॅगला नंबर कोणाचा, पडद्यावर कोणते फोन जोडलेले आहेत. मात्र घाईने सगळं पुसून टाकायला सांगू नका. माग अचानक तुटला तर त्याला सुगावा लागतो आणि हिंसा वाढू शकते. आधी तिच्या सुरक्षिततेची योजना, पडद्यांचे फोटो पुरावा म्हणून, आणि मग बदल. तोवर महत्त्वाच्या ठिकाणी तिने गाडी न नेता एसटीने, रिक्षाने यावं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये आर्थिक छळाची व्याख्या आहे. जी साधनं वापरण्याचा तिला हक्क आहे, ती वापरू न देणं त्यात येतं. गाडी स्त्रीधनातली असेल तर कलम १९ खाली ती परत मागता येते.

शेवटी थोडा इतिहास, कारण ‘बायकांना गाडीतलं काय कळतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला शंभराहून अधिक किलोमीटर मोटार घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली. काचेवरच्या वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसनने घेतलं. इंग्लंडच्या डॉरथी लेव्हिटने १९०९च्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना सांगितलं, हातआरसा जवळ ठेवा, मागचं बघायला कामी येतो. आणि बर्थाच्या प्रवासाला शंभर वर्षं झाली त्या साली, १९८८ मध्ये, परभणीहून आलेल्या शीला डावरे यांनी पुण्यात रिक्षा चालवायला घेतली.

माझी विनंती एवढीच आहे. प्रत्येक गटाने महिन्यातला एक तास उभ्या गाडीत बसून घालवावा. मॅन्युअल बहुधा इंग्रजीत असतं. त्यातल्या दिव्यांची चित्रं एका पुठ्ठ्यावर काढा, शेजारी मराठीत अर्थ आणि ‘काय करायचं’ लिहा, आणि तो तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावा. जी शिकेल तिने पुढच्या दोघींना शिकवावं. आता जेवणानंतर गाडीपाशी भेटू. प्रश्न तिथे विचारा, आणि किल्ली मात्र माझ्या नाही, तुमच्या हातात असेल.