नऊ जणी, तीन खोल्या

आम्ही शिरोली एमआयडीसीतून बोलतोय. आमचा बचत गट डबे करतो. इथल्या फाउंड्रीत लांबून कामाला आलेली पोरं आमच्या चपात्यांवर जेवतात. पहाटे चारला शेगडी पेटते. पहिल्या पाळीचे डबे गेले की मगच आमच्या हातात चहाचा कप येतो. आज आम्ही डब्यांविषयी बोलणार नाही, कर्जाविषयीही नाही. आज बोलणार आहोत लॉजविषयी. पुण्यात सुट्टीला गेलो, दोन रात्री लॉजवर राहिलो, त्याची हकीगत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्यातल्या सात जणींनी पन्नाशीपर्यंत लॉजची पायरी चढलेली नव्हती. परगावी जायचं ते लग्नाला, बारशाला, नाहीतर दवाखान्यात कुणाजवळ बसायला. उतरायचं नातेवाइकांकडे. आणि नातेवाइकांकडे उतरलं की पिशवी कोपऱ्यात ठेवून आधी स्वयंपाकघरात जायचं. "वहिनी, तुम्ही बसा, मी लाटते," म्हणायचं. दोन दिवस राहिलो तर चार वेळची भांडी आपलीच. त्यांचीही ओढाताण, आपलीही. लहान घरात आणखी चार माणसं झोपवायची म्हणजे त्या घरातल्या बाईला काय होतं, ते आपल्यालाच माहीत. फुकट राहिलो असं आपण म्हणतो. ते फुकट नसतं, त्याचा हिशोब वहीत येत नाही एवढंच.

म्हणून ठरवलं की एकदा आपल्या पैशानं राहायचं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, कर्ज काढायचं नाही. सहलीची वेगळी पेटी केली. दहा जणी, आठवड्याला पन्नास रुपये. वर्षाचे झाले प्रत्येकीचे दोन हजार सहाशे. वही वेगळी, दर बैठकीत मोठ्यानं वाचायची.

घरोघरी बोलणी खाल्लीच. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "घरात गादी हाय की. झोपायला कशाला पैसं द्याचं?" एकीचा मुलगा म्हणाला, "आई, त्या पैशात मिक्सर आला असता." खरं सांगायचं तर आमच्या मनातही तेच येत होतं. बाईनं स्वतःवर खर्च केलेला पैसा पहिल्यांदा तिलाच टोचतो.

निघायच्या आदल्या रात्री दहावीचा फोन आला. घरातून नको म्हणतात. कारण काय ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नऊ जणी निघालो. डबे दुसऱ्या एका गटानं सांभाळले.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोल्हापूर स्टँडवरून बसलो आणि संध्याकाळी स्वारगेटला उतरलो. लॉजवर आधी फोन केला होता. तीन खोल्या आहेत, या म्हणाले होते. काउंटरवरच्या माणसानं आमच्याकडं बघितलं, मग आमच्या मागं बघितलं.

"बरोबर जेंट्स कोण आहेत?"

"कोण नाही. आम्हीच."

"नुसत्या लेडीजना रूम देत नाही आम्ही."

"अहो, फोनवर हो म्हणालात."

"फोनवर कळलं नाही एवढ्या लेडीज आहेत ते."

भांडलो नाही. तोंडातून शब्दच फुटेना. काही चुकीचं करताना सापडल्यासारखं वाटलं. पायऱ्या उतरून खाली पिशव्या ठेवल्या. अंधार पडत होता. एक म्हणाली, "हडपसरला माझा चुलतभाऊ हाय, त्याला बोलवू. तो येऊन बोलला की देतील." दुसरी म्हणाली, "त्याच्याकडंच जाऊया की." मग आमच्या आक्का बोलल्या. त्या सगळ्यांत मोठ्या, फारसं बोलत नाहीत. "वर्षभर पन्नास-पन्नास टाकलं ते कशाला? भावाला बोलवायला?"

पिशव्या उचलल्या. दोन गल्ल्या सोडून दुसरा लॉज दिसला. जुना जिना, लहान पाटी. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणी? आधार कार्ड आहेत?" खोलीचे चौदाशे रुपये, प्रत्येक खोलीत दोन कॉट आणि एक जादा गादी. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. चावी हातात दिली. एवढं सोपं होतं ते.

रात्री गादीवर पडल्यावर आठवलं. आम्ही बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. आपल्या संविधानाचं कलम १५ परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की नुसत्या धर्मावरून, वंशावरून, जातीवरून, लिंगावरून किंवा जन्मस्थानावरून कुठल्याही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात जाण्याला आडकाठी करता येणार नाही. हॉटेल हा शब्द तिथं आहे, मैत्रिणींनो. पेपरात लिहून मार्क मिळवले आणि काउंटरवर उभं राहिल्यावर एक अक्षर आठवलं नाही. म्हणून आज रेडिओवर सांगतोय. तुम्हाला वेळेवर आठवावं.

पहाटे चारला सगळ्या जाग्या. सवयच ती. पण उठून करायचं काय? शेगडी नाही, कणीक नाही, नळाला पाणी भरायचं नाही. आक्का खिडकीत बसल्या. रिकामा रस्ता, एक झाडूवाली बाई, एक दूधवाला. सहापर्यंत त्या तशाच बसून होत्या. "बरं वाटतंय का?" विचारलं तर म्हणाल्या, "काय करायचं नाही म्हणजे कसं असतं ते बघालोय."

आठला एकीनं चादरी झटकून घड्या घातल्या आणि चहाचे कप विसळायला घेतले. खोली झाडायला पोरगा आला, विशीचा असेल. म्हणाला, "मावशी, राहू द्या. ते माझं काम आहे." ती ओशाळली. मग चौकशी केली तर पोरगा नांदेडकडचा, जिन्याखालीच झोपतो. आमच्या डब्यावर जेवणाऱ्या पोरांसारखाच. आपण बसतो तेव्हा कुणीतरी उभं असतं, हे तिथंही विसरता आलं नाही. निघताना त्याला शंभर रुपये दिले आणि खोली घाण ठेवली नाही.

रविवारी फिरलो. स्वारगेटहून मंडईपर्यंत भुयारी मेट्रोत बसलो, एकच स्टेशन, तरी दोन वेळा गेलो. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी आहेत. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते केलं. आपल्या आज्या जी भांडी घासत होत्या ती काचेत ठेवलेली बघून हसूही आलं आणि मानही वर झाली. बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा बघितली. १८४८ साली फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली ती तिथं. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. जागेला हात जोडले आणि तुळशीबागेत गेलो.

आता हिशोब. खोली चौदाशे, वर पाच टक्के जीएसटी सत्तर, म्हणजे चौदाशे सत्तर. तीन खोल्या, दोन रात्री, आठ हजार आठशे वीस. नवांत वाटले तर प्रत्येकीला नऊशे ऐंशी. बाकी एसटी, जेवण, मेट्रो, तिकिटं, तुळशीबाग. प्रत्येकीचे एकशे ऐंशी रुपये उरले.

तुम्ही जाणार असाल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी लक्षात ठेवा. फोनवरच स्पष्ट सांगा, "आम्ही सगळ्या बायका आहोत, एवढ्या जणी, चालेल ना?" आणि होकार मेसेजवर मागून घ्या. आगाऊ पैसे नेटवर सापडलेल्या कुठल्याही नंबरला पाठवू नका. उजेडात पोचा. आम्ही उशिरा पोचलो, ते चुकलं. पैसे देण्याआधी खोली बघा. आतली कडी लागते का, खिडकी बंद होते का, बाथरूमला पाणी आहे का. चेकआउट बारा वाजता की चोवीस तासांनी, ते विचारा. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि "लॉजसाठी" असं लिहा. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतात अशी प्रतही डाउनलोड करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्केच जीएसटी आहे. तो लावला तर जीएसटी नंबर असलेलं बिल घ्या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, महिला हेल्पलाइन १८१, संकटात ११२.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं इतर समाजांच्या मुलांसाठीही वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या पोरानं शहरात शिकायचं तर आधी त्याला पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. बाईचंही तेच आहे. कुणाच्या उपकाराशिवाय पाठ टेकायला जागा मिळाली, तरच शहर तिचं.

आमच्या दहाव्या मैत्रिणीचे दोन हजार सहाशे रुपये परत द्यायला गेलो तेव्हा तिनं घेतले नाहीत. "पेटीत राहू दे," म्हणाली. वहीत तिच्या नावावर तसेच आहेत. नवीन वर्षाची पेटी सुरू झाली आहे आणि तिचा पन्नासाचा हप्ता अजून एकदाही चुकलेला नाही. पुढच्या वेळी चार खोल्या सांगणार आहोत.