उभी पट्टी, आडवी पट्टी



हा साधा मास्क सगळ्यांच्या ओळखीचा आहे. याच्या बाहेरच्या थराचं कापड विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे १६५ अंशांच्या आसपास वितळतात. तो रस आणखी तापवून बारीक छिद्रांतून सोडायचा आणि हवेच्या झोताने तंतू ओढायचे. ओढल्याने आतले लांब रेणू एका दिशेला लागतात, म्हणून तंतू बळकट होतो. मग तंतूंची चादर तापलेल्या नक्षीदार रुळांखालून काढली की ती ठिपक्याठिपक्यांवर चिकटते. रूळ थंड राहिला तर ठिपके सुटतात, फार तापला तर ठिपक्याच्या कडेलाच तंतू तुटतो.

२०२० साली आमच्या कारखान्यात गाऊनसाठी हेच कापड रात्रंदिवस निघत होतं. तपासणी माझ्याकडे. घाईत मी फक्त उभ्या पट्ट्या ओढून पाहिल्या. आकडे उत्तम आले, सही केली. सरकत्या पट्ट्यावर पडताना बरेचसे तंतू लांबीकडे झुकतात, आडवी ताकद कमी भरते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आठवड्याने एका रुग्णालयातून फोन आला. हात वर केला की गाऊन काखेत फाटतो. बोलणाऱ्या सिस्टर रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. उरलेला माल परत मागवला, मालकांची बोलणी खाल्ली. पण वापरले गेलेले गाऊन कुणाच्या अंगावर होते, ते मला कधीच कळलं नाही.

सातवीत बाईंनी वर्तमानपत्र फाडून दाखवलं होतं, एकीकडून सरळ, दुसरीकडून वेडंवाकडं. बाई, तेव्हा मी मागच्या बाकावर हसत होतो.